पहिल्या कार्डावरचं नाव

तुमच्या घरी विजेचं बिल येतं, त्यावर सही कोणाची असते, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का?

शोधू नका, सापडणार नाही. हल्ली तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, की हे बिल संगणकाने तयार केले असल्याने सहीची आवश्यकता नाही. मागच्या उन्हाळ्यात आमचा छापखाना बंद होता. दाराला कुलूप, आत फक्त उंदीर. तरी असं बिल आलं की उंदरांनी गिरणी चालवली असावी. मी खिडकीवर गेले. आतला माणूस सभ्य होता. म्हणाला, "कॉम्प्युटरनं काढलं आहे बाई. त्याची काही तुमच्याशी दुश्मनी आहे का?"

त्या खिडकीसमोर मला आमचे सर आठवले. ते खिडकीशी आले तर त्या माणसाला घरी जाऊन जेवता येणार नाही, असं वाटलं.

सर आम्हाला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग शिकवायचे. कॉलेज नागपुरातलंच. कॉलेजमध्ये संगणक नव्हता. संगणक शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या कार्यालयात होता आणि त्याला भेटायची परवानगी आम्हाला नव्हती. आम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचे, पंचिंगवाल्या बाईंनी त्याची भोकं पाडलेली कार्डं करायची, कार्डं लाकडी पेटीत भरून जीपमधून जायची आणि काही दिवसांनी उत्तर यायचं. उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत, आपली चूक झाली आहे एवढंच सांगणारं असायचं.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, कॉम्प्युटर कधी दाखवाल?"

"पाहून काय करशीन?" सर म्हणाले. "तो कपाटासारखा दिसते. कपाट पाह्यचं असन तर स्टाफरूममध्ये आहे. जाऊन ये."

मुलगा गेला नाही. सर थांबले. तो गेला आणि आला, मगच तास पुढे सुरू झाला.

सर सांगितलेलं करायचे. जेवढं सांगितलं तेवढंच, आणि जसं लिहिलं तसंच. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावर 'एकदा अवश्य भेट द्या' अशी पाटी होती. सर एकदा जाऊन आले होते. त्यानंतर ते त्या दुकानात कधी गेले नाहीत. एका सहकाऱ्याच्या लग्नाची पत्रिका आली, तीत 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे' असं होतं. सर एकटे राहायचे. अट पूर्ण होत नाही म्हणून ते गेले नाहीत, आणि तसं त्या सहकाऱ्याला समजावूनही सांगितलं. त्या सहकाऱ्यानं पुढे कधी त्यांना चहालासुद्धा विचारलं नाही. सरांच्या मते त्यात त्याची चूक नव्हती. फक्त पत्रिका अर्धवट लिहिलेली होती.

त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर बुटांची रिकामी खोकी खिळ्यांना टांगलेली होती. ती त्यांनी बर्डीतल्या चपलांच्या दुकानातून मागून आणली होती. प्रत्येक खोक्यावर एक अक्षर रंगवलेलं. ही मशीनची आठवण. खोक्यात एका वेळी एकच चिठ्ठी राहणार. दुसरी टाकायची तर पहिली काढून फेकायची, आणि फेकलेली पुन्हा मागायची नाही. एक विद्यार्थी पुढे उभा राहून मशीन व्हायचा. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम तो एकेक ओळ मोठ्यानं वाचायचा आणि ओळ सांगेल तेवढंच करायचा. नियम एकच होता. मशीन झालेल्यानं डोकं वापरायचं नाही. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल हे ओळखून कोणी चिठ्ठी बरोबर खोक्यात टाकली, तर सर टेबलावर डस्टर आपटायचे आणि ओरडायचे, "अक्कल!"

इतर वर्गांत मुलांना अक्कल नाही म्हणून शिव्या बसायच्या. आमच्या वर्गात ती सापडली म्हणून बसायच्या.

कूलरची गोष्ट अजूनही त्या कॉलेजात सांगतात. एप्रिलचे दिवस होते, वर्गाच्या खिडकीत वाळ्याचा मोठा कूलर होता आणि तो कोरडा पडला होता. सर म्हणाले, चला, कूलरमध्ये पाणी भरायचा प्रोग्राम लिहा, मशीन मी होतो. एका हुशार मुलानं फळ्यावर लिहिलं: बादली नळाखाली धरा, भरली की कूलरमध्ये ओता, पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

सरांनी बादली उचलली. भरली, ओतली. पुन्हा गेले, भरली, ओतली. कूलर भरला. सर ओततच राहिले. पाणी खिडकीच्या चौकटीवरून आत आलं, बाकांखाली आलं, आम्ही पाय वर घेतले. तो मुलगा म्हणाला, "सर, बस."

सरांनी उत्तर दिलं नाही. मशीन बोलत नाही.

"सर, झालं ना! भरला!"

सर बादली घेऊन नळाकडे गेले. पाणी व्हरांड्यात पोचलं, तिथून उतार उपप्राचार्यांच्या खोलीकडे होता. अखेर तो मुलगा धावत फळ्याशी गेला आणि मधे एक ओळ घुसवली: कूलर भरला असेल तर थांबा. सर पुढच्या खेपेला आले, ती ओळ वाचली, बादली खाली ठेवली आणि चष्मा पुसत म्हणाले, "आता कसं. कुठं थांबायचं ते लिवणाऱ्यानं सांगा लागते. मशीनले थकवा येत नाही गा."

तेवढ्यात उपप्राचार्य ओल्या बुटांनी दारात उभे राहिले. सरांनी त्यांनाही फळा दाखवला.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या बाबांचा इतवारीत ट्रेडलचा, म्हणजे पायानं चालवायच्या यंत्राचा, छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापायच्या त्या पोटासाठी. पत्रकं छापायची ती मनासाठी. गिरणी कामगारांची, हातमागवाल्यांची, नळाला पाणी नसलेल्या मोहल्ल्यांची. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या प्रुफांवर. माझ्या लहानपणी आमच्या घरात 'चला, उठा, संघटित व्हा' हे वाक्य जेवायला बोलावण्यासाठीसुद्धा वापरलं जायचं. बाबांचा एकच नियम होता. पत्रक कितीही खरं असो, त्याच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता आलाच पाहिजे. "ज्याले आपलं नाव टाकायची लाज वाटते, त्यानं बोंबलू नये," ते म्हणायचे.

त्या काळात संगणक आला की कारकुनांच्या नोकऱ्या जाणार, अशी पत्रकं आमच्याकडे छापायला येत होती. मीही तसंच एक स्वतः लिहिलं आणि वर्गात वाटलं. शीर्षक होतं 'यंत्राच्या गुलामीविरुद्ध एल्गार'. सरांच्या तासाआधी वाटलं, मुद्दामच. सरांनी एक प्रत उचलली, पूर्ण वाचली आणि लाल पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रत परत आली. 'ही व्यवस्था उलथून टाका' याखाली लिहिलं होतं: कोणी? कुठून सुरुवात? 'लढा अखंड चालू राहील' याखाली: थांबायचं केव्हा? कूलर आठवा. 'यंत्र आमच्या पोटावर पाय देत आहे' याखाली: यंत्राला पाय नाहीत. पाय कोणाचा ते लिहा. आणि शेवटी 'संघर्ष समिती' या शब्दांना गोल करून: हा कोण माणूस?

मी भडकले. "सर, हे पत्रक आहे. प्रोग्राम नाही."

"काहून?" सर म्हणाले. "दोन्ही दुसऱ्यानं काही करावं म्हणूनच लिवतात ना वं, पत्रकबाई?"

तेव्हापासून मी वर्गात पत्रकबाई झाले.

त्यांनी आमच्याकडून आणखी एक गोष्ट करून घेतली. फोरट्रानमध्ये, म्हणजे आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचो तीत, ज्या कार्डाच्या पहिल्या रकान्यात 'सी' असतो, ते कार्ड मशीन वाचत नाही, सोडून देतं. सरांचा हुकूम होता की प्रत्येक प्रोग्रामचं पहिलं कार्ड असंच असेल आणि त्यावर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव असेल. नाव नसलं की पेटीत कार्डं जाणार नाहीत, प्रोग्राम कितीही सुंदर असो. कोणी विचारलं, मशीन वाचत नाही तर कशाला, तर म्हणायचे, "म्हणूनच."

वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी वनमाला. तिचे वडील हिंगण्याला एका कारखान्यात पाळीवर कामाला होते. घरात, भाऊकीत, कोणालाही पोरीचं इंजिनियरिंग पटलेलं नव्हतं. वडिलांनी सगळ्यांचं तोंड एका वाक्यानं बंद केलं होतं: एक वर्ष जरी वाया गेलं तरी मी तिले घरी बसवतो. हे वाक्य त्यांनी भाऊकीपुढे उच्चारलं होतं, त्यामुळे ते मागे घेता येणारं नव्हतं. वनमाला ते वाक्य डब्यासारखं रोज सोबत घेऊन कॉलेजला यायची. हिवाळ्यात तिला कावीळ झाली. भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक बुडालं. प्राचार्यांनी तिचा अर्ज मंजूर केला आणि तिचं प्रात्यक्षिक नंतर घ्यायचं ठरलं.

त्याच वर्षी कॉलेजनं ठरवलं की वार्षिक परीक्षेला बसायला कोण पात्र आहे याची यादी संगणकावर काढायची. प्रोग्राम सरांनी लिहिला. यादी लागली तेव्हा काचेच्या फळ्यावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की ही यादी संगणकाने, मानवी हस्तक्षेपाविना, तयार केली आहे. लोक यादीत आपलं नाव पाहायच्या आधी तो कागद पाहत होते. कडेला भोकांची पट्टी असलेला, रुळासारखा लांब कागद.

त्यात वनमालाचं नाव नव्हतं.

आम्ही ऑफिसात गेलो. हेडक्लार्कनं आमच्याकडे न पाहता सांगितलं, "कॉम्प्युटरनं नाही काढलं तर नाही."

"पण तिचं प्रात्यक्षिक झालं आहे. मागच्याच आठवड्यात. चांगलं झालं आहे," मी म्हटलं.

"झालं असन. सोमवारी यादी युनिव्हर्सिटीत जाते. कॉम्प्युटरच्या यादीले हात नाही लावता येत. काम त्याचं आहे, आमचं नाही."

"मग कोणाला भेटायचं?"

"त्यालेच," हेडक्लार्क म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीनं तो विनोद नव्हता.

व्हरांड्यात आल्यावर वनमाला भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "मी घरी काय सांगू वं? कॉम्प्युटर म्हणते म्हणून? बाबाले कॉम्प्युटर म्हणजे का ते माहीत नाही. त्यांले एवढंच समजन का पोरगी गेली, नापास झाली."

मी तिथेच पायरीवर बसून पत्रक लिहिलं. शीर्षक: 'यंत्राचा बळी'. ते घेऊन आम्ही सरांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते निदान ओशाळतील. सरांनी वनमालाचं सांत्वन केलं नाही. पत्रक वाचलं, लाल पेन काढलं आणि 'यंत्र' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडला.

"कर्ता चुकला," ते म्हणाले. "थांबा."

त्यांनी कपाटातून आपल्या प्रोग्रामचा कागद काढला आणि भिंतीवरच्या खोक्यांसमोर उभे राहिले. स्वतःच मशीन झाले. एकेक ओळ मोठ्यानं वाचत, चिठ्ठ्या टाकत, काढत, फेकत. वनमालाला विचारलं, "तुह्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे मार्क ऑफिसनं पंचिंगले दिले तवा आले होते का?"

"नाही सर. तवा तर मी अंथरुणात होती."

"म्हणजे कार्डावर तिथं कोरं."

ते त्या ओळीवर परत गेले. मग हातातली चिठ्ठी घेऊन बराच वेळ खोक्यासमोर उभे राहिले. मला आठवलं. दिवाळीआधी एकानं वर्गात विचारलं होतं, कार्डावर रकाना कोरा असला तर मशीन काय करतं. सर म्हणाले होते, शून्य समजतं. मशीनला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि तास पुढे गेला होता.

"सापडला," सर म्हणाले.

"कोण?" मी विचारलं.

"मी."

त्यांनी चिठ्ठीवर शून्य काढलं, खोक्यात टाकलं, आणि पुढची ओळ वाचली: कोणत्याही विषयात एवढ्यापेक्षा कमी असेल तर नाव छापू नका. "मशीननं बरोबर केलं. मी जसं लिवलं तसं केलं. मले कोऱ्याची आठवण राह्यली नाही. दुसऱ्याले शिकवून राहिलो होतो, म्हणून."

ते तसेच प्राचार्यांकडे गेले. आम्हीही गेलो, दाराबाहेर उभ्या राहिलो. प्राचार्य भला माणूस होता, पुण्याकडचं शुद्ध बोलायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जे म्हटलं ते मूर्खपणाचं नव्हतं, हे मी आज कबूल करते.

"आज मी या मुलीचं नाव हातानं घातलं, तर उद्या ट्रस्टींचा भाचा येईल. यादी माणसाच्या हाताबाहेर असावी म्हणून तर आपण ती संगणकावर काढली."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "हातानं घालू नका. प्रोग्राम चुकला असं लिहा. मी दुरुस्त करतो, पुन्हा काढू."

"म्हणजे पहिलीच यादी चुकली, असं कॉलेजनं लिहून द्यायचं? त्यापेक्षा पंचिंगमध्ये चूक झाली म्हणू. त्या बाईंकडून एक कार्ड राहिलं. बदललं. झालं."

"त्या बाईले कोरं दिलं होतं. तिनं कोरं पंच केलं. तिचं नाव काहून घ्यायचं?"

"प्रश्न नावाचा नाही हो."

"प्रश्न नावाचाच आहे, सर."

प्राचार्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. सोमवार जवळ येत होता.

बाहेर आल्यावर सरांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर काही ओळी लिहिल्या आणि मला दिल्या. मी वाचलं. वनमालाचे गुण यायचे होते, म्हणून रकाना कोरा होता. कोऱ्याला शून्य समजणारा प्रोग्राम ज्यानं लिहिला त्याचं नाव हे. पुढे सरांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग: प्राचार्यांनी शनिवारी वर्गात येऊन हा प्रोग्राम स्वतः करून पाहावा. पाहिला की हे पत्रक संपलं.

"छाप," ते म्हणाले. "आता कोणी, काय, केव्हा थांबायचं, सगळं आहे."

बाबांनी अक्षरांची जुळणी करायला घेतली आणि शिशाचा खिळा हातात धरून थांबले. "हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध पत्रक काढून राहिला का गा?" मी बाईमाणूस असूनही ते मला पुरुषांना म्हणतात तसं 'गा'च म्हणायचे.

"हो."

"मग चांगला कागद लाव."

शनिवारी प्राचार्य आले. पत्रक कॉलेजभर झालं होतं, न येणं जास्त अवघड होतं. सोबत हेडक्लार्क. वर्ग काठोकाठ भरला होता, खिडक्यांतही मुलं. सरांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, आपण मशीन. अट एकच आहे, ती पोट्ट्यांले माहीत आहे. अक्कल वापरायची नाही."

कोणी हसलं नाही. हेडक्लार्क पंख्याकडे पाहू लागला.

"प्रयत्न करतो," प्राचार्य म्हणाले.

सरांनी त्यांच्या हातात प्रोग्राम दिला. प्राचार्यांनी पहिली ओळ वाचली. "हे तर तुमचं नाव आहे."

"ते मशीन वाचत नाही. पुढची."

आधी एका बसक्या आवाजाच्या मुलाचे गुण आले. प्राचार्यांनी चिठ्ठ्या बरोबर खोक्यांत टाकल्या, ओळ वाचली, तुलना केली, "छापा" म्हणाले. फळ्याशी उभ्या मुलानं ते नाव लिहिलं. दुसरा एक आला, त्याचंही झालं. प्राचार्यांना मजा येऊ लागली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या. एकदा तर त्यांनी स्वतःच मागच्या बाकाला "अक्कल!" म्हणून दटावलं.

मग वनमालाचे गुण आले. गणित. चित्रकला. पुढचा रकाना.

"इथे काही नाही," प्राचार्य म्हणाले.

"मशीन बोलत नाही, सर. खोक्यात काय टाकता?"

"काहीच नाही. रिकामं ठेवतो."

"मशीनले रिकामं ठेवता येत नाही. नियम फळ्यावर आहे."

प्राचार्यांनी फळा वाचला. कोरं दिसलं की शून्य. त्यांनी खडू घेतला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि थांबले. वनमाला पहिल्या बाकावर होती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि तेही तिच्याकडे.

"ही मुलगी आजारी होती," ते म्हणाले. "हिचा अर्ज मीच मंजूर केला आहे."

"ते आपल्याले माहीत आहे. खोक्याले माहीत नाही. टाका शून्य."

"पण हे शून्य नाही. हे अजून यायचं आहे."

"अक्कल!" खिडकीतून कोणीतरी ओरडलं. सरांनी त्या दिशेला पाहिलं आणि डस्टर आपटला नाही. त्या वर्षात पहिल्यांदाच.

"टाका, सर," ते हळूच म्हणाले. "एक चिठ्ठी आहे. टाकली का झालं."

प्राचार्यांनी खडू खाली ठेवला. "मी नाही टाकणार."

"मग आपण मशीन नाही," सर म्हणाले. "मशीननं टाकलं. कारण मी टाक म्हणून लिवलं होतं, आणि ते लिवतांना मी या पोरीकडे पाहून नव्हतो राहिलो."

प्राचार्यांनी टेबलावरची कोरी चिठ्ठी उचलून खिशात घातली. मग हेडक्लार्कला म्हणाले, "जुनी यादी फळ्यावरून उतरवा."

प्रोग्राम दुरुस्त झाला. गुण आलेले नसतील तिथे कोरं न ठेवता उणे एक टाकायचं ठरलं, आणि तो आकडा दिसला की मशीननं नाव गाळायचं नाही, समोर छापायचं: ऑफिसला विचारा. हेडक्लार्कला हे अजिबात आवडलं नाही, कारण लोक खरंच ऑफिसला विचारू लागले असते. त्याच संध्याकाळी कार्डांची पेटी निकडीनं जीपमधून गेली आणि सोमवारी, युनिव्हर्सिटीत जायच्या वेळेच्या आत, यादी आली. वनमालाचं नाव त्यात होतं. आणि कागदाच्या तळाशी, मानवी हस्तक्षेपाविना वगैरेच्या जागी, सरांनी मशीनकडूनच छापून घेतलं होतं की हा प्रोग्राम कोणी लिहिला. पूर्ण नाव.

"हे कशाला?" प्राचार्यांनी विचारलं म्हणतात.

"पुन्हा चुकलं तर पोरगी कोणाले शोधीन? कपाटाले?"

वनमाला परीक्षेला बसली, पास झाली. तिच्या वडिलांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांना फक्त एवढंच कळलं की पोरगी गेली नाही. आता ती एका कारखान्यात प्रोग्राम लिहिते. कार्डं गेली, पण तिच्या प्रोग्रामची पहिली ओळ अजून नावाची असते, आणि त्यावरून तिथले साहेब तिला हसतात.

सरांचं एवढं चांगलं झालं नाही. पुढच्या वर्षी यादीचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. त्या यादीच्या तळाशी कोणाचंच नाव नव्हतं, कागद मात्र जास्त चकचकीत होता. मग कॉलेजमध्ये संगणक आला, त्याच्यासाठी थंड खोली आली, खोली रंगवताना भिंतीवरची खोकी खाली उतरली आणि पुन्हा वर गेली नाहीत. खोलीबाहेर पाटी होती: 'चपला बाहेर काढून आत यावे'. सर चपला काढून आत गेले, आणि बाहेर येताना अनवाणी आले. पाटीवर परत घालायचं लिहिलेलं नव्हतं. शिपाई चपला हातात घेऊन त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्याच उन्हाळ्यात, बिलाच्या त्याच खिडकीसमोर. मी बिल मुठीत चुरगाळून, मनात एक जळजळीत पत्रक जुळवत परत निघाले होते. रांगेच्या तोंडाशी गडबड दिसली. सर खिडकीला टेकून उभे होते, मागे लोक वैतागलेले.

"नाव सांगा ना," सर आतल्या माणसाला म्हणत होते. "मी भांडून नाही राहिलो. लिवणाऱ्याचं नाव पाहिजे फक्त."

"अरे काका, कॉम्प्युटरनं काढलं आहे!"

"तो कपाट आहे. कपाटाले कोणी सांगितलं?"

मी जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं. "काय वं, पत्रकबाई. बिल घेऊन कुठं चालली?"

"घरी. पत्रक लिहायला."

"लिव. पण आधी इथं उभी राह्य."

"कुठवर उभे राहाल, सर?" मी विचारलं. हे विचारायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

"ठरवून आलो. नाव भेटलं तर घरी. नाही भेटलं तर खिडकी बंद होयेपर्यंत. उद्या पुन्हा पहिल्या ओळीवर."

मी त्यांच्या मागे उभी राहिले. खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, आणि रांगेतल्या एका बाईनं, तिला घाई होती तरी, आमच्यासाठी तोच प्रश्न विचारला. त्या दिवशी आतून एक साहेब बाहेर आला आणि त्यानं नाव सांगितलं. बिलं दुरुस्त व्हायला आणखी काळ गेला. पण एक नाव मिळालं, आणि त्या नावाचा माणूस, भेटल्यावर, बराच घाबरलेला आणि अगदी आपल्यासारखा निघाला.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, आणि ती सरांच्या लाल पेनाखालून जाईल अशी मी लिहून पाहते. पुढच्या वेळी कोणत्याही खिडकीतून 'कॉम्प्युटरनं काढलंय' असं ऐकलंत, की जागेवरून हलू नका. आरडाओरडा नको, घोषणा नको. ते कपाटाला सांगणाऱ्या माणसाचं नाव विचारा. नाव मिळालं तर घरी जा. नाही मिळालं तर खिडकी बंद होईपर्यंत उभे राहा, आणि उद्या पुन्हा पहिल्या ओळीवर या.